धर्मसुधारणेनंतर साध्या गावात नेमकं काय बदललं?

प्रश्न – पानउलट

प्रोटेस्टंट चळवळीबद्दल (सोळाव्या शतकात युरोपात पोपच्या चर्चपासून फुटून निघालेली धर्मसुधारणा) वाचताना १५१७, जर्मन धर्मसुधारक लूथर, पोपशी भांडण, राजांची लग्नं एवढंच समोर येतं. शे-दीडशे वस्तीच्या गावात शेतकऱ्याच्या, विधवेच्या, तरण्या पोरांच्या आयुष्यात काय फरक पडला? 'लोक बायबल वाचू लागले, व्यक्तिवाद आला' हे उत्तर फार मोघम वाटतं. गावपातळीवरचा बदल दाखवणारी कागदपत्रं कोणती आणि ती कशी वाचायची? इंग्लंडबद्दल सांगितलंत तर उत्तम, पण इतर ठिकाणांचंही चालेल.

प्रतिसाद १ – जमाखर्च

इंग्लंडपुरतं सांगतो. प्रवचनं बाजूला ठेवा आणि चर्चवॉर्डनचे (चर्चचा पैसा आणि वस्तू सांभाळणाऱ्या गावकऱ्यांचे) हिशोब वाचा. गावकरी दरवर्षी आपल्यातलेच वॉर्डन नेमायचे आणि त्यांना वर्षाचा जमाखर्च सगळ्यांसमोर मांडावा लागे. बदल तिथे पैशांत दिसतो.

मुळाशी एक गोष्ट आहे: मेलेल्यांसाठी केला जाणारा खर्च. मृत्यूनंतर आत्मा शुद्धिस्थानात अडकतो आणि जिवंतांच्या प्रार्थनांनी, मिस्सांनी (चर्चमधल्या मुख्य उपासनाविधींनी) त्याची सुटका लवकर होते, या समजुतीवर गावाचं अर्धं अर्थकारण उभं होतं. संतांच्या मूर्तींपुढे जळणाऱ्या मेणबत्त्या, त्यांच्या खर्चासाठी वेगळे निधी, निधीच्या मालकीच्या मेंढ्या, वर्षातून एकदा बिअर गाळून विकायची आणि नफा चर्चला द्यायचा असा मेळा, हे सगळं त्यातून चालायचं. डेव्हन परगण्यातल्या मोरबाथ गावाचं उदाहरण घ्या. सुमारे ३३ कुटुंबांचं गाव. तिथे तरुणांचा निधी वेगळा, मुलींचा वेगळा, आणि प्रत्येकाचे स्वतःचे वॉर्डन. म्हणजे विशीतल्या पोरीलाही सार्वजनिक पैशाचा हिशोब देण्याची जबाबदारी मिळत होती.

आता सरकारी आदेश क्रमाने बघा. १५३६ मध्ये कापणीच्या हंगामातले, १ जुलै ते २९ सप्टेंबर, बरेचसे सण सुट्टीतून वगळले (प्रेषितांचे आणि मरियेचे राहिले). प्रत्येक चर्चचा वेगवेगळ्या तारखेचा वर्धापनदिन ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी एकत्र आणला, त्यामुळे शेजारच्या गावाच्या उत्सवाला जाणंच संपलं. १५३८ मध्ये मूर्तींपुढचे दिवे बंद झाले. १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी मिस्सा म्हणणाऱ्या संस्था आणि धार्मिक मंडळं बरखास्त होऊन त्यांची मालमत्ता राजाकडे गेली. त्याच वर्षी आदेश निघाला की चर्चमध्ये वर भोक असलेली, तीन किल्ल्यांची भक्कम पेटी ठेवायची आणि मृत्युपत्र करणाऱ्याला सांगायचं, पूर्वी मूर्तींवर आणि मृतांच्या मिस्सांवर घालवत होतास ते आता गरिबांना दे.

मला हा आदेश सगळ्यांत बोलका वाटतो. पैशाचा ओघ मेलेल्यांकडून जिवंत गरिबांकडे वळवायचा, हे त्यात उघड लिहिलंय. पण जुना ओघ बंद झाला म्हणून नवा आपोआप सुरू झाला नाही. दिवा नाही तर निधी नाही, निधी नाही तर मुलींचे वॉर्डन नाहीत. पेट्या बऱ्याच ठिकाणी रिकाम्या राहिल्या, आणि शतकाच्या शेवटी गरिबांसाठी सक्तीचा कर व तो गोळा करणारे पर्यवेक्षक आणावे लागले (१५९८ आणि १६०१ चे कायदे).

हिशोब वाचताना लोक अडखळतात त्या जागा: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. आकडे रोमन, शेवटच्या 'आय'ला शेपूट असते म्हणून तो 'जे' दिसतो. 'ओबी' म्हणजे अर्धा पेनी. हिशोबाचं वर्ष गावागणिक वेगळं, म्हणून नोंद कुठल्या राजवटीत बसते ते आधी ठरवा. सन १५३० ते १५७० सलग घ्या आणि मेण, चुना, पुस्तकं, वेदी, मेळ्याचं उत्पन्न असे रकाने पाडा. प्रोटेस्टंट राजा एडवर्ड सहाव्याच्या काळात (१५४७–५३) भिंतीवरची चित्रं चुन्याखाली गेल्याचा खर्च, जुना कॅथलिक धर्म परत आणणाऱ्या राणी मेरीच्या काळात (१५५३–५८) वेदी पुन्हा बांधल्याचा, पुन्हा प्रोटेस्टंट वळण घेणाऱ्या राणी एलिझाबेथच्या काळात तीच पुन्हा पाडल्याचा. गावाने दहा-बारा वर्षांत तीनदा पैसे मोजले.

एक मोठी चूक टाळा. आदेशाप्रमाणे खर्च झाला म्हणजे गावाला तो पटला, असं नाही. मोरबाथने १५४९ मध्ये नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्धच्या बंडात पाच तरुण पाठवले आणि त्यांचा खर्च केला. मेरी गादीवर आल्यावर लोकांनी घरात जपलेल्या वस्तू चर्चला परत आणून दिल्या. 'विकल्या' म्हणून नोंदलेल्या वस्तू कोणी घेतल्या ते जरूर पाहा. गावातल्याच माणसाने किरकोळ किमतीत घेतल्या असतील, तर ते लपवणंही असू शकतं.

प्रतिसाद २ – चारकुलपे

वरचं उत्तर पक्कं आहे, पण इंग्लंडमध्ये सुधारणा वरून आली. जर्मन आणि स्विस शहरांत नगरसभा पुढे होत्या, म्हणून तिथला घाट निराळा.

सॅक्सनीतल्या लाइस्निगची १५२३ ची सामाईक पेटी पाहा, नियमांना प्रस्तावना लूथरची. दहा विश्वस्त: दोन सरदार, दोन नगरसभेचे, तीन शहरवासी, तीन शेतकरी. पेटीला चार कुलपं आणि चारही गटांकडे एकेक किल्ली, म्हणजे एकट्या गटाला ती उघडताच येऊ नये. दर रविवारी बैठक. त्यातून पाद्री, शाळा, अनाथ, वृद्ध आणि अडचणीतल्या कारागिरांना कर्ज. रचना इतकी चोख असूनही गाडी अडली, कारण जुन्या चर्चची मालमत्ता पेटीकडे सोपवायला नगरसभा तयार होईना. पुढच्या काळात अशा पेट्या टिकल्या त्या बहुतांशी नगरसभेच्या ताब्यात राहूनच.

झुरिकमध्ये १५२५ मध्ये भीक मागणं बंद करून पूर्वीच्या डॉमिनिकन मठात गरिबांसाठी रोज अन्न शिजवायला सुरुवात झाली. त्याच वर्षी विवाह न्यायालय आलं. त्याआधी दोघांनी एकांतात दिलेला शब्दही विवाह ठरायचा आणि मग 'शब्द दिलाच नव्हता' असे खटले वर्षानुवर्षं चालायचे. आता साक्षीदार लागू लागले आणि व्यभिचार किंवा सोडून जाणं यांसाठी घटस्फोट व पुनर्विवाहाची वाट खुली झाली. व्यवहारात घटस्फोट सहज मिळत नव्हता, न्यायाधीश आधी समेटच घडवायला बघत.

जिनिव्हाची कन्सिस्टरी (लोकांच्या वागणुकीची चौकशी करणारं चर्चचं मंडळ) दर गुरुवारी बसायची, पाद्री आणि १२ वडीलधारे. सुरुवातीच्या वर्षांत लोकांना प्रभूची प्रार्थना फ्रेंचमध्ये म्हणून दाखवायला सांगत, आणि बरेच जण लॅटिनच पुटपुटत. घरगुती भांडणं, मारहाण, शेजाऱ्यांचं वैर असली प्रकरणं खूप. वर्षातून चार वेळा होणाऱ्या प्रभुभोजनाला भांडण मिटवूनच यायचं, हा त्यामागचा मुद्दा. म्हणून तिला निव्वळ नीतिपोलीस म्हणणं मला अर्धवट वाटतं. पण तिच्या नोंदींवरून 'शहरात किती व्यभिचार होता' हे मोजू नका. त्या नोंदी कोणाला बोलावलं ते सांगतात. किती घडलं, ते त्यांतून कळत नाही.

पानउलट

दोघांचेही आभार, पेटीचा मुद्दा मला पूर्ण नवा होता. दोन शंका: साक्षरता खरंच वाढली का? आणि बाप्तिस्मा-दफन यांच्या नोंदवह्या कितपत भरवशाच्या?

प्रतिसाद ३ – नोंदवही

साक्षरतेबाबत सावध राहा. लूथरची लहान प्रश्नोत्तरी (धर्मशिक्षणाचं प्रश्नोत्तररूपी पुस्तक, १५२९) सॅक्सनीतल्या तपासणीत लोकांचं अज्ञान दिसल्यावर आली, आणि ती मुख्यतः पाठ करण्यासाठी होती. मुलगा घडाघडा उत्तरं देतो म्हणजे त्याला वाचता येतं असं नाही. उलट बाजूही आहे: वाचन आधी आणि लेखन नंतर शिकवत, त्यामुळे फक्त सह्या मोजल्या तर वाचणारे, विशेषतः स्त्रिया, हिशोबातून गळतात. स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्च कायद्यानंतर पाद्री घरोघर जाऊन वाचन तपासत आणि नोंदवत. तिथे वाचता येणारे पण लिहिता न येणारे लोक सर्रास होते.

इंग्लंडच्या नोंदवह्या १५३८ च्या आदेशातून आल्या. दर रविवारी वॉर्डनसमोर आठवड्याचे बाप्तिस्मे, विवाह, दफन लिहायचे, वही दोन कुलपांच्या पेटीत, चूक झाल्यास ३ शिलिंग ४ पेन्स दंड आणि तो चर्चच्याच दुरुस्तीला. पण आज हाती येते ती वही बहुधा नक्कल असते: १५९८ मध्ये कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवायला सांगितल्या, 'विशेषतः एलिझाबेथच्या राज्यारोहणापासून'. अनेकांनी त्याआधीची वीस वर्षं गाळली, म्हणून कितीतरी वह्या १५५८ पासून सुरू होतात. चाळीस वर्षांच्या नोंदी एकाच हस्ताक्षरात आणि प्रत्येक पानाखाली त्याच सह्या दिसल्या, की ती नक्कल समजा.

तारखांत हमखास घोळ होतो. १७५२ पर्यंत तिथे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून वहीतला फेब्रुवारी १५८७ आपल्या हिशोबाने १५८८. हे विसरलात तर लग्नाआधीच मूल झालेलं दिसेल. वहीत जन्म नसतो, बाप्तिस्मा असतो, त्यामुळे बाप्तिस्म्याआधी दगावलेली मुलं फार तर दफनाच्या यादीत सापडतात. १६४२ नंतरच्या यादवीत पुष्कळ वह्या कोऱ्या आहेत, आणि १६६० नंतर क्वेकर व बॅप्टिस्ट (अधिकृत चर्चबाहेरचे पंथ) घरं पॅरिशच्या, म्हणजे गावच्या अधिकृत चर्चच्या, बाप्तिस्मा यादीतून निसटतात. तेव्हा एखाद्या दशकात आकडा एकदम घसरला, तर साथ आली असं लिहिण्याआधी त्या वर्षांतलं हस्ताक्षर बदललंय का ते पाहा, आणि बिशपकडे दरवर्षी जाणारी प्रत शिल्लक असेल तर तिच्याशी नोंद ताडून घ्या.