प्रति: कॉन्फरन्सला सगळ्या टीमने जावं का?

भाषणं नंतर यूट्यूबवर येतातच, मग चार जणांचा खर्च कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. रायन डाल या प्रोग्रामरने २००९ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फ या जावास्क्रिप्टच्या कॉन्फरन्समध्ये नोड.जेएस (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) मांडलं, ते भाषण आजही घरबसल्या पाहता येतं. पण गोव्यात रिॲक्ट इंडियाला (वेबसाइटचे स्क्रीन बांधायच्या रिॲक्ट या लायब्ररीवरच्या कॉन्फरन्सला) आम्ही चौघं गेलो, तेव्हा खरं काम जेवणाच्या रांगेत झालं. सर्व्हर कंपोनंट्सवरून, म्हणजे पानाचे जे भाग ब्राउझरऐवजी सर्व्हरवर तयार होतात त्यांच्यावरून, आमच्यात महिनाभर वाद चालला होता. एका वक्त्यालाच गाठून लॅपटॉपवर आमचा कोड दाखवला, आणि वीस मिनिटांत वाद मिटला!

एकाच वेळी दोन सभागृहांत भाषणं असतील तर मात्र वाटून घ्या. रात्री ज्याने जे ऐकलं ते बाकीच्यांना समजावून सांगायचं. आमच्यातल्या सर्वांत नव्या मुलीने ॲक्सेसिबिलिटी (दिव्यांगांनाही साइट वापरता यावी अशी रचना) इतकी नीट समजावली, की सोमवारी आम्ही आधी फॉर्मची लेबलं दुरुस्त करायला घेतली.