सारा हेरोनिमो : बालगायिका ते पॉपस्टार, आणि मधली वीस वर्षे

रानवारा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील 'बिलबोर्ड' नियतकालिकाने संगीतक्षेत्रातील स्त्रियांसाठीच्या आपल्या सोहळ्यात फिलिपिन्सच्या सारा हेरोनिमो हिला 'ग्लोबल फोर्स' पुरस्कार दिला आणि हा मान मिळवणारी ती पहिली फिलिपिनो कलावंत ठरली. त्या निमित्ताने मी तिच्याविषयी वाचू लागले. तिचा जन्म १९८८ सालचा, मनिलातला. वडील टेलिफोन कंपनीत नोकरीला आणि आईचे छोटेसे ब्युटी पार्लर. गाण्याचे पहिले धडे वडिलांकडूनच मिळाले. अगदी लहानपणापासून ती स्पर्धांमधून आणि मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांतून दिसत होती. जानेवारी १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे मनिलाला आले, तेव्हा त्या भेटीनिमित्त झालेल्या कार्यक्रमात सहा वर्षांची सारा गायली. पुढे १ मार्च २००३ रोजी, चौदाव्या वर्षी, तिने 'स्टार फॉर अ नाइट' ही स्पर्धा जिंकली आणि दहा लाख पेसोंचे बक्षीस व करार मिळवला.

माझा प्रश्न असा आहे. आपल्याकडे २००८-०९ च्या 'लिटल चॅम्प्स'ने घराघरांत जे वेड लावले होते, ते अनेकांना आठवत असेल. पण एकूण पाहता स्पर्धा जिंकणाऱ्या मुलांपैकी फार थोडी पुढे स्वतःच्या गाण्यांवर उभी राहतात. मग साराच्या बाबतीत असे काय घडले की ती वीस वर्षांनंतरही पहिल्या रांगेत आहे? केवळ आवाज हे उत्तर मला पटत नाही, कारण चांगल्या आवाजांचा त्या देशात दुष्काळ नसावा.

दर्यावर्दी

रानवारा, दुष्काळ नाहीच, उलट पूर आहे. माझे वैद्यकीय शिक्षण फिलिपिन्सच्या दावाव शहरात झाले (महाराष्ट्रातून तिकडे जाणारी मुले आता बरीच आहेत), त्यामुळे हा पूर मी जवळून पाहिला आहे. आमच्या वसतिगृहासमोरच्या खाणावळीत एक व्हिडिओके यंत्र होते. पाच पेसोंचे नाणे टाकायचे, प्लॅस्टिकच्या वेष्टणातल्या जाडजूड वहीतून गाण्याचा क्रमांक शोधायचा, तो दाबायचा आणि गायचे. गाणे संपले की पडद्यावर तुतारी वाजून शंभरपैकी गुण उमटायचे. भांडी घासणारी मुलगीसुद्धा मधल्या वेळात हात पुसून एखादे गाणे म्हणून जायची, आणि तिचा वरचा सूर ऐकून आम्ही वरणभाताची आठवण काढत बसलेली मंडळी जेवण विसरायचो.

या घरगुती गाण्याला स्पर्धेची जुनी शिडी जोडलेली आहे, हे मात्र बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. गावोगावच्या फिएस्टांमध्ये, म्हणजे ग्रामसंताच्या जत्रांमध्ये, हौशी गायकांची स्पर्धा ठरलेलीच असते. 'तावाग नांग तांघालान' ही तर १९५० च्या दशकापासूनची स्पर्धा. रेल्वे स्थानकावर पाणी विकणारी नोरा औनोर १९६० च्या दशकात ती जिंकली आणि पुढे देशाची सर्वांत मोठी अभिनेत्री-गायिका झाली. गरीब घरातली मुलगी आवाजाच्या बळावर घर वर काढते, ही कथा त्या देशात तेव्हापासून इतकी रुजलेली आहे की आईबाप मुलाच्या गळ्याकडे आशेने पाहतात. प्रसिद्ध गायिका रेजीन वेलास्केझच्या वडिलांनी तिला समुद्रात गळ्याइतक्या पाण्यात उभे करून गायला लावले, हा किस्सा तिकडे लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. हीच रेजीन १९८४ साली स्पर्धा जिंकून पुढे आली होती, आणि सारा ज्या 'स्टार फॉर अ नाइट'मध्ये जिंकली त्याची सूत्रसंचालकही तीच होती. म्हणजे आधीच्या पायरीवरची गायिका पुढच्या पायरीवरच्या मुलीचे नाव जाहीर करत होती.

आता तुमच्या प्रश्नाचे माझ्या मते खरे उत्तर. ही स्पर्धा ज्या 'व्हिवा' समूहाची होती, तो समूह गाण्यांचे अल्बमही काढत होता आणि चित्रपटही. त्यामुळे बक्षीस देऊन मुलीला घरी पाठवण्याऐवजी त्यांनी तिला कामाला जुंपले. त्याच वर्षी 'पॉपस्टार : अ ड्रीम कम ट्रू' हा पहिला अल्बम आला आणि त्यातले 'फॉरेव्हर्स नॉट इनफ' गाजले, मग दर रविवारी दूरचित्रवाणीवरचा 'एसॅप' हा गाण्यांचा कार्यक्रम, आणि २००८ मध्ये जॉन लॉईड क्रूझसोबतचा 'अ व्हेरी स्पेशल लव्ह' हा चित्रपट, ज्याचे पुढे आणखी दोन भाग निघाले. दर आठवड्याला लोकांच्या दिवाणखान्यात दिसणारी मुलगी विसरली जात नाही.

तंबोरा

दर्यावर्दी यांनी यंत्रणा उत्तम उलगडली आहे, पण यंत्रणेने सारा टिकली एवढेच सिद्ध होते. ती वाढली कशी, हे त्यातून कळत नाही. मी गाणे शिकवतो, त्यामुळे थोडे गळ्याच्या अंगाने लिहितो.

अंतिम फेरीत तिने सेलिन डिऑनचे 'टू लव्ह यू मोअर' निवडले होते. ही निवडच फार बोलकी आहे. संथ सुरुवात, मग एकेक पायरी चढत जाणारी चाल, आणि शेवटी पूर्ण ताकदीने लावलेला, लांबवलेला वरचा सूर, अशी ज्या गाण्याची रचना असते ते गाणे परीक्षकांसमोर आपोआप काम करते. या ताकदीच्या वरच्या गाण्याला तिकडे 'बिरित' म्हणतात आणि स्पर्धेतील मुलांची सारी तयारी त्याच दिशेने होते. परिणाम असा की चौदा वर्षांची मुलगी दुसऱ्या देशातल्या प्रौढ गायिकेचे दुःख हुबेहूब गाऊन दाखवते, सभागृह उभे राहते, आणि त्या मुलीची स्वतःची गायकी कोणती, हे कोणालाच विचारावेसे वाटत नाही. माझ्या मते बालस्पर्धकांचा पुढे जो विरस होतो त्याचे मूळ इथे आहे. जी गोष्ट जिंकून देते तीच पुढे आड येते, कारण अल्बम घेणाऱ्याला हुबेहूब सेलिन डिऑन नको असते, ती बाजारात आधीच असते.

साराने ही गोष्ट उशिरा पण नीट ओळखली. २०१५ च्या 'द ग्रेट अननोन' या अल्बममधील 'ताला' ऐका. निका देल रोसारिओ आणि सहकाऱ्यांनी लिहिलेल्या, तिकडच्या तगालोग भाषेतल्या या गाण्यात स्पर्धेत टाळ्या घेणारा तो गगनभेदी सूर जवळजवळ नाहीच. आवाज खालच्या पट्टीत, दबका, ठेक्याला चिकटून चालतो, आणि उरलेले काम नृत्य करते. एवढा वर जाणारा गळा असताना तो हातचा राखून ठेवायला जो आत्मविश्वास लागतो तो चौदाव्या वर्षी नसतो. गंमत म्हणजे या गाण्याचा खरा गाजावाजा २०१९ च्या अखेरीस झाला. तिची नक्कल करणाऱ्या समलिंगी आणि पारलिंगी कलावंतांनी ते बारच्या रंगमंचावर जिवंत ठेवले होते, तिथून ते समाजमाध्यमांवर आले, आणि जानेवारी २०२० मध्ये चित्रफितीने दहा कोटी वेळा पाहिले जाण्याचा टप्पा ओलांडला. या पुनर्जन्मात कोणत्याही कंपनीच्या नियोजनाचा हात मला तरी दिसत नाही.

रानवारा

तंबोरा, हे पटले. मग पुढचा प्रश्न आपसूकच येतो : जी मुले दूरचित्रवाणीवर गातात त्यांच्या कमाईचे काय होते? तिकडे काही कायदा आहे का?

नोटरी_नाना

आहे, आणि तो आपल्यापेक्षा कडक आहे. सारा मार्चमध्ये जिंकली त्याच वर्षी, डिसेंबर २००३ मध्ये, फिलिपिन्सने प्रजासत्ताक अधिनियम ९२३१ संमत केला. त्यानुसार मनोरंजनक्षेत्रात काम करणाऱ्या मुलासाठी श्रम खात्याचा परवाना लागतो. पंधरा वर्षांखालील मुलाला दिवसाला चार आणि आठवड्याला वीस तासांहून अधिक काम देता येत नाही, शिवाय रात्री आठ ते सकाळी सहा या वेळेत काम बंद. पैशाची तरतूद मला विशेष वाटते. मुलाची मिळकत ही मुलाचीच असून ती प्रथम त्याच्या पालनपोषणासाठी आणि शिक्षणासाठी वापरायची, कुटुंबाच्या सामायिक गरजांसाठी तीतील वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. आणि वार्षिक मिळकत दोन लाख पेसो किंवा त्याहून अधिक असेल तर किमान तीस टक्के रक्कम विश्वस्त निधीत ठेवून तिचा सहामाही हिशेब द्यायचा.

आपल्याकडे २०१७ च्या सुधारित नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे, आणि किमान वीस टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. आकडा दोन्हीकडे वीसच. पण तिकडे ती पालकांनी घेण्याची कमाल मर्यादा आहे आणि इकडे मुलासाठी राखण्याची किमान. अंमलबजावणी दोन्हीकडे किती काटेकोर होते, हा वेगळ्या चर्चेचा विषय आहे.

दर्यावर्दी

नानांच्या माहितीला एक उदाहरण जोडतो, ज्यात साराही आहे. २०१४ मध्ये 'द व्हॉइस किड्स' या मुलांच्या गानस्पर्धेच्या पहिल्या पर्वात ती लेआ सलोंगा आणि बाम्बू या गायकांसोबत मार्गदर्शक होती. विजेती ठरली लायका गायरानोद, काविते प्रांतातल्या तान्झा गावची नऊ वर्षांची मुलगी, जी भंगार गोळा करून घराला हातभार लावत असे. तिला मिळालेल्या बक्षिसांत रोख रक्कम होती, विश्वस्त निधी होता आणि राहते घर होते. उपविजेता डॅरेन एस्पांतो हा कॅनडात जन्मलेला मुलगा. हे दोघेही साराच्याच चमूतले.

तिसरा आला तो सेबूचा हुआन कार्लोस लाबाहो, बाम्बूच्या चमूतला. तंबोरांचा मुद्दा ताडून पाहायचा असेल तर याच्याकडे पाहा. पुढे त्याने स्पर्धेची गायकी सोडली, स्वतः गाणी रचू लागला, आणि २०२३ मध्ये त्याचे 'एरे' हे स्पॉटिफायच्या जागतिक यादीत शिरणारे पहिले फिलिपिनो गाणे ठरले. आधी 'टू लव्ह यू मोअर' गाणाऱ्या चौदा वर्षांच्या साराची चित्रफीत पाहा, मग 'ताला', आणि त्यानंतर 'एरे', असा क्रम मी सुचवेन.