एकरूप, समरूप आणि आरशातला गणपती

पेणकर
मुलीची भूमिती घेताना अडकलोय. एकरूप म्हणजे आकार तोच, माप तेच. समरूप म्हणजे आकार तोच, माप वेगळं चालेल. घरात गणपतीचा कारखाना, त्यामुळे हे तिला पटकन समजलं. एका साच्यातल्या दोन मूर्ती एकरूप. तीच मूर्ती एक फुटी आणि दोन फुटी केली की समरूप. मग तिने विचारलं, आरशातला गणपती कोण? त्याची सोंड उजवीकडे वळते.

गुहागरच्या बाई
एकरूपच. सरकवा, फिरवा, आरशात धरा, कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर बदलत नाही. सगळी अंतरं टिकली की कोनही आपोआप टिकतात. विस्तारणात, म्हणजे एकाच प्रमाणात लहान-मोठं करण्यात, कोन राहतात, लांबी बदलते, म्हणून ते समरूपतेपाशी थांबतं. बाबाबा, बाकोबा, कोबाको (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन) या त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कसोट्या. नुसत्या कोकोकोवर समरूपताच मिळते.

मुलं खरी फसतात ती क्षेत्रफळाला. वह्यांचा गठ्ठा तिरका ढकला. समोरून आयत दिसत होता, त्याचा समांतरभुज चौकोन झाला. क्षेत्रफळ तेवढंच, पण कोन बदलले. तो आधीच्या आयताशी ना एकरूप, ना समरूप.

मालवणवाला
माझी तक्रार शब्दावरच आहे. 'विठ्ठलाशी एकरूप झाला' म्हणतो तेव्हा दोनाचं एक होतं. भूमितीत दोन त्रिकोण दोनच राहतात! हिंदीतला 'सर्वांगसम' बोजड खरा, पण फसवत नाही. आमची आजी म्हणायची, 'दोगय एकाच साच्यातले'. तेवढं पुरे.

पेणकर
साच्याचंच तर नडतं. त्याच साच्यातून आरशातली मूर्ती निघत नाही. नुसती सोंड वळवून भागत नाही. मोदकाचा हात, मोडका दात, सगळंच बाजू बदलतं. (उजव्या सोंडेला मागणी तशी कमीच. सोवळं कडक, लोक बिचकतात.)

गुहागरच्या बाई
हे आवडलं. कागदाचा विषमभुज त्रिकोण कापून पालथा घातला की आरशातल्यावर तंतोतंत बसतो, कारण पालथं घालायला कागदाबाहेर तिसरी मिती आहे. मूर्तीला ती सोय नाही. मोबियस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये लिहिलंय की त्यासाठी चौथी मिती लागेल. तेव्हा 'एकावर एक ठेवून जुळतात' ही व्याख्या कागदापुरती ठीक. मूर्तीसाठी 'अंतरं तीच' म्हणावं. 'एकाच साच्यातले' इथे अपुरं पडतं, आजींची माफी मागून.

मालवणवाला
आजी मानायची नाही! बरं, फिरवण्याला काय लिहायचं? भूगोलात पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती ते परिभ्रमण.

गुहागरच्या बाई
म्हणजे ज्या बिंदूभोवती फिरवायचं तो त्रिकोणाच्या आत असला तर एक शब्द, बाहेर असला तर दुसरा? भूमितीत क्रिया एकच आहे. मी फळ्यावर सरळ 'फिरवणे' लिहिते.