१८७५ चे दख्खनचे दंगे: लोकसंख्या वाढली म्हणून झाले का?

टपरीवरचा_चहा:
ऑफिसात डबा खाताना वाद झाला. एक जण म्हणे माणसं वाढली नि जमीन तेवढीच राहिली की मारामाऱ्या होणारच, जगात सगळीकडे हेच झालंय. मी दख्खनच्या दंग्याचं उदाहरण द्यायला गेलो आणि अडकलो, सावकारांच्या वह्या जाळल्या याच्यापुढे शाळेतलं काही आठवेना. सुप्यात नेमकं काय झालेलं? लोक उपाशी होते का?

कऱ्हाकाठ:
मोठा दुष्काळ पडला तो नंतर, १८७६ ला. आणि हे सुपे म्हणजे भीमथडीतलं, आताच्या बारामती तालुक्यातलं, नगर रोडवरचं एमआयडीसीवालं नाही, अर्धी जनता तिथेच चुकते. १२ मे १८७५ ला आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्य लुटलं, काही घरं पण पेटली, पण मागणी मुळात एकच, वह्या आणि कर्जाची खतं बाहेर काढा. मिळाली की तिथेच होळी. जो गपचूप देई त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. तिथनं लोण नगर जिल्ह्यात गेलं. त्याआधी शिरूरकडे करड्यात डिसेंबर १८७४ मध्ये सावकारांवर बहिष्कार पडलेला, न्हावी बंद, पाणक्या बंद.

मागचा_बाक:
तुझा ऑफिसवाला अगदीच चूक नाहीये रे. १८३६ ला इंदापुरात सारा (जमिनीचा कर) कमी करून रयतवारी बसवली, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घ्यायचा, तेव्हा पड जमीन रग्गड होती, पुढच्या तीस-चाळीस वर्षांत माणसं वाढली आणि माळ, चराऊ रानं सगळं नांगराखाली गेलं, म्हणजे बैल चारायचे कुठे आणि मुरमाड रानात पिकणार किती. त्यात १८६१ ला अमेरिकेत युद्ध, तिकडचा कापूस विलायतेला जायचा आटला, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव, सावकार दारात येऊन उचल देतोय. १८६५ ला युद्ध संपलं, भाव बसला, उचल बंद, आणि नेमका तेव्हाच साऱ्याचा नवा आकार, कुठे दीडपट कुठे दुप्पट.

पण माणसं वाढली म्हणून कुणी कागद जाळत नाही ना. सावकार पेशवाईत पण होताच की. तेव्हा वसुलीला त्याला पाटलाचं तोंड बघावं लागे, शिवाय दामदुपट, मुद्दलाच्या वर व्याज चढायचं नाही. इंग्रजांचं दिवाणी कोर्ट आलं, ते फक्त कागद वाचणार. १८५९ ला मुदतीचा कायदा केला, खत तीन वर्षंच चालणार, शेतकऱ्याच्या भल्यासाठी बरं का! सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घ्यायला लागला, थकलेलं व्याज मुद्दलात, त्यावर परत व्याज.

वाड्याची_किल्ली:
हे वाचून आमची पत्र्याची ट्रंक आठवली. आत मोडीतली खतं, ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी वाचून दाखवली. पहिलं बैलजोडीसाठी, पुढची तिन्ही ‘मागील खताची बाकी’, बैल बहुतेक तोवर मेले पण असतील. खाली सही नाही, नि. नांगर. निशाणी म्हणून छोटासा नांगर काढलाय, तोही लिहिणाऱ्याच्याच हातचा. आमच्या म्हाताऱ्याला वर काय लिहिलंय ते कळलं असेल का, देव जाणे.

टपरीवरचा_चहा:
बाप रे. मग जाळून उपयोग झाला का काही?

मागचा_बाक:
थोडा. पकडापकडी, शिक्षा झाल्याच, पण चौकशीला कमिशन बसलं आणि १८७९ ला शेतकऱ्यांसाठी कायदा आला, कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती ते बघता येऊ लागलं. सावकारांनी मग गहाणाऐवजी सरळ खरेदीखतंच लिहून घ्यायला सुरुवात केली ती वेगळीच गोष्ट.

कऱ्हाकाठ:
@वाड्याची_किल्ली फोटो टाका ना त्या नांगराचा.

वाड्याची_किल्ली:
ट्रंक गावी काकांकडे आहे, दिवाळीत गेलो की टाकतो. वाळवी लागलीये थोडी.