अनुभव धागा: स्पेसबार दाबून थांबलेली साम्राज्यं

बायकोने एकदा मागून डोकावून विचारलं, "लॅपटॉप हँग झालाय का?" म्हटलं नाही गं, तह संपायची वाट बघतोय, अजून पावणेदोन वर्षं आहेत. ती काही न बोलता स्वयंपाकघरात गेली.

युरोपा युनिव्हर्सॅलिस 4 खेळणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने 2013 मध्ये काढलेला, संगणकावर राज्य चालवायचा खेळ. घड्याळ 11 नोव्हेंबर 1444 ला सुरू होतं आणि एकेक दिवस सरकत 1821 पर्यंत जातं, म्हणजे सव्वा लाखाहून जास्त दिवस. वेगाचे पाच टप्पे आणि घड्याळ थांबवायला एक स्पेसबार. त्यातले बहुतेक दिवस काहीही घडत नाही, आणि हा धागा त्याच दिवसांसाठी काढलाय. जग जिंकल्याच्या बढाया नकोत, त्या यूट्यूबवर ढिगाने आहेत. थांबलात तेव्हा काय झालं ते लिहा. सिव्हिलायझेशन, टोटल वॉर, काहीही चालेल. फक्त धावपळीचं नको.

माझ्यापासून सुरुवात. पहिल्या डावाला घरचं म्हणून बहमनी घेतली. मराठा राज्य स्थापन करायचा पर्याय खेळात आहे हे ऐकलं होतं, तेवढ्यावर उडी मारली. 1444 म्हणजे शिवजन्माला अजून 186 वर्षं, हा हिशोब डोक्यात आलाच नाही. विजयनगरला हरवलं आणि एका तहात हाताला लागेल तेवढा मुलूख ओरबाडला. खेळात याची नोंद राहते. इंग्रजीत तिला लांबलचक नाव आहे, मी बदनामी म्हणतो. शेजारपाजारचे सगळे एकत्र आले, गुजरात, माळवा, ज्यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही तेसुद्धा, आणि तीन वर्षांत माझा निकाल लागला.

दुसऱ्या डावात शिकलो की बदनामीवर काळाशिवाय औषध नाही. दरवर्षी थोडी थोडी विरते. तर अशा एका दहा वर्षांच्या तहात, घड्याळ आपलं चाललेलं असताना, महमूद गावानबद्दल वाचायला घेतलं. बहमनींचा वजीर. खोट्या पत्राच्या कारस्थानात 1481 मध्ये सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला. पुढच्या दिवाळीत गाडी काढून बीदरला गेलो. 1472 चा त्याचा मदरसा, दर्शनी बाजूचा निम्मा भाग पडलेला. दोनपैकी एकच मिनार उभा आहे आणि त्याच्यावर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून चिकटून आहेत, जुन्या बरणीच्या तळाला साखर चिकटावी तसे. बायको म्हणाली, "हाच का तो, ज्याच्यासाठी तू थांबला होतास?" हाच.

*

मी म्हापशाचा. माझा अनुभव रागाचा आहे, चालेल ना?

विजयनगर घेऊन खेळत होतो. या खेळात व्यापाराचे नकाशावर बाण असतात. माल एका केंद्रातून पुढच्या केंद्रात वाहत जातो आणि शेवटी तीनच ठिकाणी थांबतो: व्हेनिस, जिनोआ, इंग्लिश चॅनल. बाणांची दिशा पक्की आहे. तुम्ही जगातले सगळ्यात श्रीमंत असा नाहीतर भिकारी, बाण उलटा फिरत नाही.

बाबांचं भुसारी मालाचं दुकान. ते एकदा शेजारी येऊन बसले. मी समजावलं, ही मिरी, हा कापूस, हे इकडून निघतं आणि तिकडे जातं. बाबांनी चष्मा वर केला. "माल आपला, मग पैसो त्यांच्याकडे कसो जमता?" मी म्हटलं, खेळाचा नियम. "मग खेळ करणाऱ्याने दुकान चालवलेलं नाही."

बाबांचं बरोबरच होतं. खरं तर युरोपवाल्यांकडे इथे विकण्यासारखं फारसं काही नव्हतं, ते चांदी आणायचे आणि कापड, मिरी घेऊन जायचे. सुरतेला चांदी उतरायची, चढायची नाही. खेळात ही उलटी गंगा आहे. त्यावर इलाज एकच, केंद्रातली पूर्ण सत्ता स्वतःकडे घ्यायची म्हणजे पुढे काही गळत नाही. त्यापायी साठ वर्षं बंदरं, जहाजं, गोद्या एवढंच करत बसलो, एक लढाई नाही. आणि मग पोर्तुगीज आलेच. फक्त खऱ्या इतिहासात गोवा घेतला त्या 1510 ला नाही, बरेच उशिरा, आणि आल्यावर त्यांना किनाऱ्यावर इंचभर जागा मिळाली नाही. बाबांना उठवून दाखवलं. रात्रीचे अडीच वाजले होते. ते म्हणाले "बरें", आणि कूस बदलली.

*

खेळात धूमकेतू दिसला. राज्याचं स्थैर्य एकने घटलं. दोन महिन्यांनी युवराज शिकारीत गेला. एकुलता एक, तिन्ही गुण पाच-पाच. लॅपटॉप मिटला आणि मेथी आणायला गेलो.

*

मी सातारची, भूगोलाची निवृत्त शिक्षिका. मुलगा जर्मनीला गेला तेव्हा जुना लॅपटॉप मागे राहिला, त्यात सिव्हिलायझेशन 6 होतं. वर लिहिलेले तह आणि बदनाम्या मला कळल्या नाहीत. माझा खेळ सोपा असावा. इसवी सनापूर्वी 4000 ला एक वस्ती हातात देतात आणि म्हणतात, चला.

मुलाने शिकवताना साधा वेग लावला होता, 500 टर्नचा, म्हणजे 500 पाळ्यांचा. मला घाई वाटली. शेतीचा शोध लागतोय तोवर घोडे आले! आता मॅरेथॉनवर खेळते, 1500 टर्न. रोज दुपारी चहानंतर वीस-पंचवीस. वहीत लिहून ठेवते: "टर्न 212. नदीकाठी दुसरं गाव. मंदिर अर्धं." शेजारच्या वहिनींना वाटतं मी आत्मचरित्र लिहितेय. वाटू दे.

भारत घेतला की तिथे बारव बांधता येते. बारवेने अन्न वाढतं, माणसं राहायची सोय वाढते. मात्र टेकडीवर बांधता येत नाही, आणि एका बारवेला लागून दुसरी चालत नाही. हे पाहून मी खेळ करणाऱ्यांना मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले. वर्गात मुलांना लिंबची बारा मोटांची विहीर दाखवायला न्यायचे, तेव्हा भूजल समजावताना घसा बसायचा. इथे षटकोनावर बोट ठेवलं की काम झालं. (लिंबला कोणी गेलं नसेल तर जाच. आतला गारवा लॅपटॉपमध्ये नाही.)

मला अजून विजय मिळालेला नाही. चंद्रगुप्त शेजाऱ्यांवर चालून जाणारा राजा आहे म्हणे, माझा घरीच असतो. गांधीजी या खेळात अणुबॉम्ब टाकतात असं मुलगा हसून सांगायचा. खेळाच्या पहिल्या भागातल्या एका चुकीमुळे ते तसे वागायचे ही गोष्ट खरी नव्हती, असं खेळाचे जनक सिड मायर यांनीच 2020 च्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलंय. मुलाला कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

*

बाई, मीपण सातारचा! तुमच्या वर्गात नव्हतो, पण लिंबला सहलीला गेलोय.

एम्पायर: टोटल वॉर, 2009 चा. हॉस्टेलवरचा माझा संगणकाचा डबा इतका जुना की टर्न संपवला की बाकीच्या राज्यांच्या हालचाली होईस्तोवर बादलीभर कपडे धुऊन व्हायचे. खोटं नाही, बादली तशीच ठेवलेली असायची. दोन टर्नचं एक वर्ष. 1700 ते 1799 पुरा करायला मला दोन सेमिस्टर लागल्या आणि कपडे मात्र कधी नव्हे ते स्वच्छ.

त्यात मराठे घेऊन खेळता येतं. 1700 साल, राजधानी सातारा, सगळं कसं शांत. मी उठून खिडकीबाहेर बघायचो आणि हसू यायचं. खऱ्या 1700 च्या सुरुवातीला अजिंक्यताऱ्याला खुद्द औरंगजेबाचा वेढा पडलेला होता. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं. एप्रिलमध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले, त्यातला एक उलटून त्यांचीच माणसं गाडली गेली, पण त्याच महिन्यात किल्ला द्यावा लागला. खेळात यातलं काही नाही. पहिल्याच टर्नला "कर कमी करू का?" विचारतात. मी दरवेळी कमी करायचो. आजी सांगायची त्या गोष्टींतल्या साताऱ्याला एवढं तरी मिळायला हवं होतं.

*

डब्लिनहून. खेळ युरोपाच, राज्य बायझन्टाइन म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य, आयर्नमॅन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आयर्नमॅनमध्ये सेव्ह एकच, मागे जाता येत नाही.

1444 ला या साम्राज्याकडे कॉन्स्टँटिनोपल आणि खाली ग्रीसच्या दक्षिणेचं मोरिया, एवढंच उरलेलं असतं. चारी बाजूंनी ऑटोमन तुर्क. युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांची फौज आशियात उतरू द्यायची आणि मग सामुद्रधुनीत जहाजं उभी करून वाट अडवायची. पण फौज उतरायला हवी ना. मी अकरा वर्षं थांबले. कर्ज काढून जहाजं सांभाळली. मग एका रविवारी ती उतरली, सगळीच्या सगळी. छातीत धडधडायला लागलं.

आणि आईचा फोन आला. अळूची पानं तिथे मिळतात का, चिंच टाकतेस ना, नाहीतर घसा खाजतो. मी "हो आई, हो आई" करत उठले. वेग पाचवर होता. स्पेसबार दाबला असं मला वाटलं.

बावीस मिनिटं. परत आले तर राजधानीवर ऑटोमनांचा हिरवा रंग. साल 1456. खऱ्या इतिहासात शहर 29 मे 1453 ला पडलं, म्हणजे मी तीन वर्षं जास्त टिकवलं, असं नवऱ्याने समजूत घालायला सांगितलं. त्याला त्या दिवशी जेवायला वाढलं नाही.

पुढच्या आठवड्यात आईने विचारलं, "ते तुझं इस्तंबूल कसं आहे गं?" मी म्हटलं इस्तंबूल मजेत आहे.

*

युरोपा चार महिने खेळलो, सोडला. मदतीच्या चौकटीला मदतीची चौकट लागते. शिवाय खेळाचा एकेक तुकडा वेगळा विकत घ्या. बुद्धिबळ बरं, बत्तीस सोंगट्या पेटीत आधीच असतात.

*

मी मुरूडचा. घराच्या गच्चीवरून जंजिरा दिसतो, त्यामुळे वेढा म्हटलं की मला वेगळंच वाटतं. शिवाजी महाराजांना तो मिळाला नाही. संभाजी महाराजांनी तर समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली होती, तरी नाही.

युरोपा युनिव्हर्सॅलिसमध्ये वेढ्याचा फासा दर तीस दिवसांनी पडतो. किल्ला मिळायची शक्यता टक्क्यांत दिसते: सात, चौदा, एकवीस. एक पडला तर आपल्याच छावणीत रोगराई. गेल्या महिन्यापासून किनाऱ्यावरच्या एका किल्ल्याला बसलोय, खेळातली साडेतीन वर्षं. तीनदा रोगराई झाली. बाहेरून मदतीला फौज येतेय, जवळची शिबंदी संपत आलीये, शहाणा माणूस वेढा उठवेल. आजोबा गच्चीत पापड उन्हाला घालताना विचारतात, "मिळाला का रे?" त्यांना नक्की कोणता विचारायचा असतो ते मी विचारत नाही.

काल रात्री 28 टक्के होते. जेवण झालं की पुढचा फासा.