'सगळ्यांनी जीन टेस्ट करा' म्हणे! पार्किन्सन्सवरच्या पोस्टला उत्तर

तिरपागडा: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे एलआरआरके२ नावाच्या जीनमध्ये म्युटेशन (बिघाड) असलं की मेंदूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे तिथल्या प्रतिकार करणाऱ्या पेशी, चवताळतात आणि न्यूरॉन (मेंदूच्या चेतापेशी) मारतात, म्हणून घरात कोणाला पार्किन्सन्स असेल तर सगळ्यांनी टेस्ट करा. अहो, त्यातलं गाजलेलं जी२०१९एस हे म्युटेशन उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांत आणि अश्केनाझी ज्यूंमध्ये जास्त, आपल्याकडे अगदी विरळ, आणि असलं तरी आजार होतोच असं नाही. गूगलवाल्या सर्गेई ब्रिनने २००८ लाच जाहीर केलं की त्याच्यात ते आहे. संशोधक मॅकगीरनी १९८८ मध्ये रुग्णांच्या मेंदूत चेतलेल्या मायक्रोग्लिया दाखवल्या, कबूल, पण त्या आग लावायला आलेल्या की विझवायला?

मिरचीभजी: पोस्ट माझीच आहे, अर्धीच वाचलीत. या म्युटेशनने त्या जीनपासून बनणारं एंझाइम गरजेपेक्षा जास्त राबतं, त्यात लायसोसोमचा, म्हणजे पेशीतला कचरा निपटणाऱ्या पिशव्यांचा, कारभार बिघडतो. हेच जीन क्रोन्स या आतड्याच्या आजारात आणि कुष्ठरोगातही सापडलंय, रक्तातल्या मोनोसाइटमध्येही भरपूर असतं. प्रतिकारशक्तीचा नाही, नुसता न्यूरॉनचा मामला असता तर आतड्याशी आणि कुष्ठरोगाशी याचं काय देणंघेणं?

वाईचा_नातू: ते जीनबिन राहू द्या हो, खाजकुयली घ्या. बियांत नैसर्गिक लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सच्या गोळीतलंच औषध, असतं, १९३७ लाच आपल्या लोकांनी शोधलंय.

नांदेडची_पोर: झालं, आले हे!! माझ्या पप्पांना एका वैद्याने हेच चूर्ण दिलं आणि चालू गोळी एकदम बंद करायला लावली. चार दिवसांत माणूस लाकडासारखा ताठ, कूस वळवता येईना, चहा चमच्याने पाजायचा तर तो हनुवटीवरून खाली, वर ताप. अ‍ॅडमिट करावं लागलं. पुड्यात लेव्होडोपा किती हे कोण मोजून देतं?

वाईचा_नातू: एका वैद्याचं खापर अख्ख्या आयुर्वेदावर? माझी आजी घेते, छान आहे.

नांदेडची_पोर: गोळ्यांसकट घेते की बिनगोळ्यांची, तेवढं सांगा.

वाईचा_नातू: ...गोळ्यांसकट. म्हणून काय झालं?

तिरपागडा: 😂 भजीताई, कुष्ठरोगाचा मुद्दा बिनतोड, घ्या, मिळाला एक मार्क. टेस्टचे पैसे मात्र तुम्ही भरा.

मिरचीभजी: एंझाइम दाबणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत, त्यात कोणाला घ्यायचं हे टेस्टशिवाय कसं ठरवणार? बरं, 'सगळ्यांनी' हा शब्द काढते. खूश?

वाईचा_नातू: मोनोसाइट म्हणजे काय ते कोणीतरी सांगा, आणि आजीबद्दल बोलायचं काम नाही.