हतनूरचा बगळा: मोठा की मध्यम?

मंडळी, मदत हवी आहे. रविवारी तापी नदीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्याच्या काठी एक पांढराशुभ्र बगळा दिसला. हिवाळ्यात मोठा बगळा आणि मध्यम बगळा, या दोन्ही जातींची चोच पिवळी. विणीच्या काळात दोघांचीही काळी. याची मात्र अर्धी काळी, अर्धी पिवळी! बोटं काळीच, म्हणजे पिवळ्या बोटांचा लहान बगळा बाद. पाठीवर झालरीसारखी पिसं होती. छातीवरही असती तर मध्यमच म्हटलं असतं, पण ती बाजू दिसलीच नाही. मोठ्याची जिवणी, म्हणजे चोचीच्या फटीची रेघ, डोळ्याच्या मागे जाते, मध्यमची डोळ्याखालीच संपते, हे ठाऊक आहे. पण फोटो लांबचा, त्यात तापीवरचा वारा. उंची ताडायला शेजारी दुसरा बगळा नाही, होती ती एक म्हैस. नुसत्या मानेच्या बाकावरून खात्रीनं सांगता येईल का? वहीत काय लिहू?